इन्स्टंट की टाकीचा? गिझर घेण्याआधी करायचं गणित

दिवाळीचं अभ्यंगस्नान जवळ आलं, पहाटे गारवा जाणवू लागला, की विजेच्या उपकरणांच्या दुकानात गिझरची चौकशी सुरू होते. गिऱ्हाईक विचारतं, "इन्स्टंट घेऊ की स्टोरेज?" दुकानदार उलट विचारतो, "बजेट किती आहे?" निवड चुकायला सुरुवात होते ती इथेच. किंमत बघायची असतेच, पण ती सगळ्यात शेवटी. त्याआधी तीन गोष्टी माहीत हव्यात. तुमच्या नळाला हिवाळ्यात पाणी किती गार येतं, घरात एकापाठोपाठ एक किती अंघोळी होतात आणि भिंतीतली वायर किती भार पेलते. या तिन्हींची उत्तरं घरोघरी वेगळी असतात. म्हणूनच शेजाऱ्याकडे उत्तम चाललेला गिझर आपल्याकडे रोज सकाळी भांडणाचं कारण ठरू शकतो.

हे गणित अवघड नाही. शाळेत शिकलेला गुणाकार-भागाकार त्याला पुरतो.

बंबाचंच तत्त्व

टाकीच्या गिझरचं तत्त्व मराठी घरांना नवीन नाही. तांब्याच्या बंबाच्या मधोमध एक नळकांडं असे. त्यात लाकडाच्या ढलप्या, गोवऱ्या, कोकणात नारळाच्या करवंट्या पेटवायच्या आणि भोवतीचं पाणी तापायचं. वरच्या नाळक्यातून बादलीभर गार पाणी ओतलं, की ते तळाशी जायचं आणि तेवढंच कढत पाणी तोटीतून बाहेर यायचं. गरम पाणी हलकं असल्यामुळे वर राहतं आणि गार पाणी खाली बसतं, एवढ्यावर तो सगळा कारभार चालायचा. आजच्या १५ लिटरच्या गिझरमध्येही नेमकं हेच घडतं. गार पाणी तळाशी शिरतं, वरच्या थरातलं गरम पाणी नळीवाटे बाहेर ढकललं जातं. विस्तवाच्या जागी विजेची कॉइल आली, भोवती फोमचं आवरण आलं आणि पाणी ठरावीक तापमानाला पोचलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट आला, एवढाच फरक.

वाहतं पाणी वाहतानाच तापवायची कल्पनाही जुनी आहे. लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉन यांनी १८६८ मध्ये गॅसच्या ज्योतीवर पाणी तापवणारं घरगुती यंत्र आणलं आणि त्याला 'गिझर' हे नाव दिलं. त्या यंत्रात एक मोठी खोट होती. जळलेला वायू घराबाहेर नेणारी नळीच त्याला नव्हती. त्या खोटीबद्दल पुढे सविस्तर बोलूच, कारण ती आजही माणसं मारते. पुढे नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या एडविन रूड या अभियंत्याने १८८९ मध्ये आपोआप चालू-बंद होणारा टाकीचा हीटर तयार केला. म्हणजे आज दुकानात आपण ज्या दोन प्रकारांत अडकतो, त्यांची स्पर्धा सव्वाशे वर्षांहून जुनी आहे.

४३ हा आकडा लक्षात ठेवा

एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. विजेच्या एका युनिटमध्ये, म्हणजे एका किलोवॅट-तासात, ८६० किलोकॅलरी असतात. कोणत्याही कंपनीचा, कितीही महागडा विजेचा गिझर असो, या हिशेबातून त्याची सुटका नाही.

आपल्याकडचा सर्वसाधारण इन्स्टंट गिझर ३ किलोवॅटचा असतो. तो एका तासात ३ युनिट, म्हणजे २५८० किलोकॅलरी देतो. मिनिटाला झाल्या ४३. म्हणून ३ किलोवॅटचा गिझर एका मिनिटात ४३ लिटर पाणी एका अंशाने तापवू शकतो, किंवा ४.३ लिटर पाणी दहा अंशांनी, किंवा दोन लिटरच्या आसपास पाणी वीस अंशांनी. पाणी किती अंश चढवायचं आहे तो आकडा काढा आणि ४३ ला त्याने भागा. मिनिटाला किती लिटर गरम पाणी मिळेल, ते समोर येईल.

आता हे महाराष्ट्राच्या नकाशावर मांडून बघू. अंघोळीचं पाणी साधारण ४० ते ४१ अंश असलं की बरं वाटतं. मुंबईत किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर हिवाळ्यातही नळाचं पाणी २६ अंशांच्या आसपास असेल, तर चढवायचे अंश फक्त १४. तिथे इन्स्टंट गिझर मिनिटाला ३ लिटर पाणी देईल आणि २० लिटरची बादली साडेसहा-सात मिनिटांत भरेल. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी १८ अंशांवर आलं, तर चढवायचे अंश २३ आणि धार मिनिटाला पावणेदोन-दोन लिटरची. बादलीला लागतील जवळपास अकरा मिनिटं. निफाडच्या थंडीत पाणी १४ अंशांवर उतरलं, तर त्याच बादलीला साडेबारा मिनिटं लागतील. गिझर तोच आणि बटणही तेच. बदललं ते फक्त गाव. "मुंबईत माझ्या मावशीकडे मस्त चालतो" हे कारण सांगून नाशिकला इन्स्टंट घेणारा माणूस पहिल्या थंडीत फसतो, तो यामुळे.

'इन्स्टंट'च्या आतही एक टाकी असते

आपल्या बाजारातला 'इन्स्टंट' गिझर पूर्णपणे बिनटाकीचा नसतो. त्याच्या आत एक ते तीन लिटरची छोटी टाकी असते. बटण दाबून दीड-दोन मिनिटं थांबलं, की ती तीन लिटर पाणी चांगलं कढत करून ठेवते. नळ पूर्ण सोडला तर बादलीत पडणारं पहिलं पाणी वाफाळतं असतं, दोन-तीन तांबे भरेपर्यंत ते कोमट होतं आणि बादली अर्धी होईपर्यंत हाताला जवळजवळ गारच लागू लागतं. मग तक्रार होते, "गिझर बिघडला." तो बिघडलेला नसतो. साठवलेलं तीन लिटर पाणी संपलेलं असतं आणि त्यापुढे मिनिटाला दोन-तीन लिटरांपेक्षा जास्त पाणी तापवण्याची त्याची ताकद नसते. नळाची धार बारीक केली, की तेच पाणी पुन्हा गरम येऊ लागतं. इन्स्टंट गिझर वापरण्याची अर्धी कला धार बारीक ठेवण्यात आहे.

शॉवरचा हिशेब तर अगदी स्पष्ट आहे. साधा शॉवर मिनिटाला ८ लिटर पाणी सोडतो असं धरू. ४३ ला ८ ने भागलं तर ३ किलोवॅटचा गिझर त्या पाण्याला जेमतेम साडेपाच अंश चढवतो. मुंबईच्या जानेवारीत तेवढ्याने पाण्याचा गारठा फार तर मोडेल. पुण्यात तेवढ्यावर भागणार नाही. पुण्याच्या थंडीत वाहत्या पाण्यावर खराखुरा गरम शॉवर हवा असेल, तर सुमारे १३ किलोवॅट लागतील. २३० व्होल्टला त्याचा प्रवाह होतो ५६ अँपिअर. आपल्या साध्या सिंगल फेज घराला तो झेपणारा नाही.

मात्र इन्स्टंट जिथे शोभतो, तिथे त्याला तोड नाही. स्वयंपाकघरात तेलकट भांडी विसळायला तीन लिटर गरम पाणी लागतं. त्यासाठी १५ लिटरची टाकी तापवणं म्हणजे उरलेल्या बारा लिटरांची वीज वाया घालवणं. हात-तोंड धुण्याच्या बेसिनला, मुंबईच्या वन-रूम-किचनमधल्या दोन माणसांच्या बादलीच्या अंघोळीला, किंवा वर्षातून दोनच महिने गरम पाणी लागणाऱ्या कोकणातल्या घराला छोटा इन्स्टंट गिझर पुरेसा आहे. तो जागा कमी घेतो आणि किंमतही टाकीच्या गिझरच्या साधारण अर्धी असते.

टाकीचा गिझर आणि विसण

'१५ लिटरचा गिझर म्हणजे पंधराच लिटर पाणी' असा समज पुष्कळांचा असतो. टाकीतलं पाणी ६० अंशांचं असतं आणि त्या पाण्याने कोणी अंघोळ करत नाही. आपण त्यात विसण घालतो. किती विसण लागेल, यावर खरं पाणी किती मिळेल ते ठरतं. विसणाचं पाणी १८ अंशांचं आणि अंघोळीचं ४१ अंशांचं धरलं, तर १५ लिटरांचे सुमारे २७ लिटर होतात, म्हणजे सव्वा बादली. २५ लिटरच्या टाकीतून ४५ लिटर, म्हणजे दोन बादल्या आणि वर थोडं. मुंबईच्या २६ अंशांच्या पाण्याला विसण जास्त लागत असल्याने तिथे १५ लिटरांचेच ३४ लिटर होतात. हे आकडे कागदावरचे कमाल आहेत. प्रत्यक्षात तळाशी शिरणारं गार पाणी थोडं वर मिसळतं आणि शेवटचं पाणी कोमट येतं, म्हणून त्यातून दहा-वीस टक्के वजा धरावे.

आता माणसं मोजा. २ किलोवॅटचा १५ लिटरचा गिझर १८ अंशांचं पाणी ६० अंशांवर न्यायला सुमारे २२ मिनिटं घेतो आणि २५ लिटरचा घेतो ३७ मिनिटं. बादलीने अंघोळ करणाऱ्या चौघांच्या कुटुंबात दोन अंघोळींमध्ये थोडं अंतर राहत असेल, तर १५ लिटर चालतो. शाळेची बस आणि ऑफिसची लोकल यांच्या मध्ये चार अंघोळी एका तासात उरकायच्या असतील, तर २५ लिटर घ्या. शॉवरची सवय असेल तर पाच मिनिटांच्या शॉवरला ४० लिटर पाणी लागतं, हे लक्षात ठेवून थेट २५ लिटरकडेच वळा.

६० अंशांचं पाणी अंगावर पडलं तर मोठ्या माणसाची कातडीही सुमारे पाच सेकंदांत गंभीरपणे भाजते. लहान मुलांची आणि म्हाताऱ्यांची त्याहून लवकर. ५० अंशांना तेवढीच इजा व्हायला काही मिनिटं लागतात. म्हणून घरात लहान मूल असेल तर थर्मोस्टॅट ५० ते ५५ अंशांवर ठेवा आणि बादलीत आधी गार, मग कढत, हा जुना नियम मोडू नका.

वॅट म्हणजे बिल नव्हे

"इन्स्टंट ३००० वॅटचा, टाकीचा २००० वॅटचा, म्हणजे इन्स्टंटचं बिल जास्त." हे वाक्य दुकानात रोज ऐकू येतं आणि ते चूक आहे. वॅट म्हणजे वीज खर्च होण्याचा वेग. बिल येतं ते एकूण खर्च झालेल्या युनिटांचं. पुण्याच्या हिवाळ्यात चौघांना प्रत्येकी २० लिटर पाणी २३ अंशांनी तापवायचं, तर एकूण १८४० किलोकॅलरी, म्हणजे २.१ युनिट लागणार. इन्स्टंट ते लवकर खर्च करेल, टाकीचा सावकाश करेल. आकडा तोच राहील.

मग फरक कुठे पडतो? साठवलेलं पाणी थंड होण्यात. टाकीभोवती कितीही चांगलं आवरण असलं, तरी थोडी उष्णता सतत झिरपते आणि ती भरून काढायला गिझर अधूनमधून आपोआप चालू होतो. २४ तासांत अशी किती वीज जाते, तो आकडा ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या तारांकित लेबलवर 'स्टँडिंग लॉस' म्हणून छापलेला असतो. १५-२५ लिटरच्या टाकीसाठी तो साधारण अर्धा ते एक युनिट असतो. जितके तारे जास्त, तितकी झीज कमी. गिझर दिवसरात्र चालू ठेवणाऱ्या घराला त्यापायी महिन्याला १५ ते ३० युनिट फुकट द्यावे लागतात. महावितरणचा दर १०० युनिटांच्या पुढे चढतो, त्यामुळे हे वरचे युनिट महागात पडतात.

उपाय अगदी सोपा आहे. अंघोळीआधी अर्धा तास बटण लावा आणि शेवटचा माणूस अंघोळीला बसण्यापूर्वी ते बंद करा. टाकीतलं उरलेलं गरम पाणी त्याला पुरतं आणि नंतर टाकीत गार पाणीच उरतं. ही सवय असलेल्या घरात दोन्ही प्रकारांच्या बिलात नाव घेण्यासारखा फरक राहत नाही.

परदेशातल्या नातेवाइकांचा सल्ला इथेच गोंधळात टाकतो. न्यू जर्सीतला भाचा किंवा ह्यूस्टनमधली लेक सांगते की टँकलेस घेतल्यावर बिल उतरलं. ते त्यांच्यापुरतं खरं आहे. अमेरिकी घराच्या तळघरात किंवा गॅरेजमध्ये दीडशे-पावणेदोनशे लिटरची टाकी वर्षभर, चोवीस तास तापलेली असते आणि स्वयंपाकघरापासून कपड्यांच्या यंत्रापर्यंत सगळ्यांना तिथूनच पाणी जातं. अशी टाकी काढून टाकली, तर झीज वाचते. दिवसाला ४१ गॅलन, म्हणजे सुमारे १५५ लिटरपर्यंत गरम पाणी वापरणाऱ्या घरात बिनटाकीचा हीटर २४ ते ३४ टक्के अधिक किफायतशीर ठरतो, असं तिथलं ऊर्जा खातं सांगतं. पण त्यांचं टँकलेस यंत्र आपल्या तीन किलोवॅटच्या डब्याच्या कितीतरी पट ताकदीचं असतं आणि आपली १५ लिटरची टाकी त्यांच्या टाकीच्या दहाव्या हिश्शाची. शिवाय आपल्याला बटण बंद करायची सवय आहे. तिथली टक्केवारी इथे लावता येत नाही.

भिंतीतली वायर आणि नळातला दाब

३ किलोवॅटचा गिझर १३ अँपिअर वीज ओढतो, तर २ किलोवॅटचा जवळपास ९ अँपिअर. दोघांनाही १६ अँपिअरचं पॉवर सॉकेट, स्वतंत्र एमसीबी आणि किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर हवी. ४.५ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर २० अँपिअरच्या जवळ जातो. तो १६ अँपिअरच्या सॉकेटवर लावणं म्हणजे प्लग वितळण्याची वाट बघणं. जुन्या चाळीत, वाड्यात किंवा तीस-चाळीस वर्षांच्या सोसायटीत आधी वायरमनला बोलवा, गिझर नंतर आणा. बिलावर छापलेला मंजूर भारही बघा. दोन न्हाणीघरांत दोन ३ किलोवॅटचे गिझर एकाच वेळी लागले, तर तेवढ्यानेच २६ अँपिअर होतात. टाकीचे दोन गिझर मात्र आलटूनपालटून लावता येतात.

व्होल्टेजचा मुद्दा गावाकडे फार महत्त्वाचा आहे. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० ऐवजी १९० व्होल्ट येत असतील, तर ३ किलोवॅटचा गिझर जेमतेम २ किलोवॅटचा उरतो. पुण्याच्या थंडीतली अकरा मिनिटांची बादली मग सोळा मिनिटांवर जाते. टाकीचा गिझर अशा वेळी तापायला दहा मिनिटं जास्त घेतो, पण हवं तेवढं गरम पाणी शेवटी देतो. ऐन सकाळी वीज जाणाऱ्या गावातही टाकीच उपयोगी पडते, कारण तापलेलं पाणी काही तास गरम राहतं. इन्स्टंटची वीज गेली की पाणीही गेलं.

उंच इमारतींत दाब बघावा लागतो. पाण्याची उंची १० मीटरने वाढली की सुमारे १ बार दाब वाढतो. गच्चीवरची टाकी २० मजले वर असेल, तर खालच्या मजल्यांवर ६ बारच्या आसपास दाब पोचू शकतो. बऱ्याच तीन लिटरच्या इन्स्टंट गिझरची मर्यादा ६.५ बारच्या आसपास असते आणि टाकीचे चांगले गिझर ८ बारचे असतात. वरच्या मजल्यांवर प्रेशर पंप बसवला असेल तर तिथेही हीच काळजी घ्यावी. खोक्यावरचा हा आकडा वाचा आणि सोसायटीच्या प्लंबरला विचारून घ्या.

बोअरचं पाणी

मुंबईला भातसा, तानसा, वैतरणाचं आणि पुण्याला खडकवासल्याचं धरणाचं पाणी मिळतं, ते तुलनेने मऊ असतं. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यात क्षार जास्त असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तेव्हाची कमाल मर्यादा ६०० मिलिग्रॅम. पाणी तापलं की त्यातला विरघळलेला चुना घन होऊन कॉइलवर बसतो आणि तापमान जितकं जास्त, तितका तो भराभर बसतो.

बोअरच्या पाण्यावर दोन-तीन वर्षं चाललेला १५ लिटरचा गिझर मेकॅनिक उघडतो, तेव्हा ते प्रत्यक्ष बघण्यासारखं असतं. खालची तबकडी निघते, तिच्याबरोबर कॉइल बाहेर येते आणि मूळची चकाकणारी कॉइल अंड्याच्या टरफलासारख्या पांढऱ्या, ठिसूळ थराखाली हरवलेली असते. पान्ह्याने ठोकलं की खपल्या पडतात. टाकीच्या तळाशी त्याच पांढऱ्या खड्यांचा ढीग साचलेला असतो. शेजारी एक सळी असते. ती मॅग्नेशियमची असते, तिला अॅनोड रॉड म्हणतात. नवी असताना ती गुळगुळीत आणि जाडजूड असते. आता तिला जागोजागी खड्डे पडलेले असतात, कधी तर आतली तारच उरलेली असते. टाकीच्या पोलादाऐवजी गंजायचं, हेच तिचं काम. मॅग्नेशियम आधी विरघळतं म्हणून पोलाद वाचतं. ती संपली की गंज टाकीला लागतो आणि एक दिवस टाकी तळातून गळू लागते. गळकी टाकी सहसा दुरुस्त होत नाही. अॅनोड रॉड मात्र थोडक्या पैशांत बदलता येतो.

म्हणून बोअरच्या पाण्यावर टाकीचा गिझर घेतलात, तर काचेचा लेप असलेली टाकी बघा, थर्मोस्टॅट ५०-५५ अंशांवर ठेवा आणि दरवर्षी एकदा गिझर उघडून साफ करून घ्या. तेवढी निगा राखली तर तो दहा वर्षं सहज चालतो. इन्स्टंटच्या कॉइलवरही हाच थर चढतो आणि ती लवकर जळते. तिथे यंत्रच स्वस्त असल्याने बरेच जण ते थेट बदलतात.

गॅस गिझर: सोय मोठी, धोका त्याहून मोठा

खऱ्या अर्थाने बिनटाकीचा गिझर आपल्याकडे गॅसचाच. मिनिटाला ६ लिटरचा छोटा गॅस गिझर १० किलोवॅटहून अधिक उष्णता देतो. पुण्याच्या थंडीतही बादली तीन-साडेतीन मिनिटांत भरते. वीज नसली तरी चालतो, कारण ठिणगीला दोन सेल पुरतात. गॅस स्वस्त पडेल तिथे खर्चही कमी येतो. म्हणूनच तो इतक्या घरांत पोचला.

पण एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे १३ घनमीटर हवा लागते. हा गिझर पूर्ण ताकदीने दहा मिनिटं चालला, तर साधारण दोन घनमीटर हवेतला ऑक्सिजन खातो. चार फूट बाय सहा फूट आणि आठ फूट उंच न्हाणीघरात एकूण हवा असते साडेपाच घनमीटरच्या आतबाहेर. थंडी म्हणून खिडकी बंद केलेली, दाराला कडी लावलेली, वर वाफ कोंडलेली. ऑक्सिजन कमी पडू लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, हातपाय गळतात आणि माणसाला कडी काढायचंही त्राण उरत नाही. भारतातल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांची इतकी नोंद केली आहे, की वैद्यकीय नियतकालिकांत 'गॅस गिझर सिंड्रोम' हे नावच रूढ झालं. दर हिवाळ्यात आपल्या शहरांतून अशा मृत्यूंच्या बातम्या येतात, आणि त्यांतले बहुतेक टाळता येण्यासारखे असतात.

गॅस गिझर न्हाणीघराच्या आत बसवायचा नाही. छोटी खिडकी आहे, एक्झॉस्ट पंखा आहे, अंघोळ पाचच मिनिटांची आहे, यातली कोणतीही सबब चालणार नाही. तो बाल्कनीत किंवा मोकळ्या ड्राय एरियात बसवा आणि न्हाणीघरात फक्त गरम पाण्याची नळी आणा. बाहेर जागा नसेल तर विजेचा घ्या. कोणी न्हाणीघरात बेशुद्ध सापडलं, तर आधी गॅस बंद करा, दार-खिडक्या उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ वर फोन करा. अशा रुग्णाला तातडीने ऑक्सिजनची गरज असते. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात नेलंच पाहिजे.

विजेच्या गिझरलाही दोन बंधनं पाळा. पहिलं म्हणजे आयएसआय चिन्ह आणि नीट केलेलं अर्थिंग. त्याबरोबर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. एमसीबी वायर वाचवतो, शॉक लागलेल्या माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. दुसरं म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह. थर्मोस्टॅट अडकून पाणी उकळू लागलं, तर वाफेचा दाब बाहेर सोडणारी तेवढीच वाट असते. तिथून अधूनमधून थेंब पडतात म्हणून ती बुच लावून बंद करणारे लोक आहेत. असं कदापि करू नका. टाकीच्या गिझरचा इथे एक मोठा फायदा आहे. बटण बंद करूनही त्यातून गरम पाणी येतं, त्यामुळे अंगावर पाणी घेताना वीज चालू असण्याची गरज नसते. इन्स्टंटमध्ये ती चालूच असते.

मग घ्यायचं काय?

किनारपट्टीवर राहता, घरात दोन माणसं आहेत, अंघोळ बादलीने होते आणि वायरिंग चांगलं आहे, तर ३ लिटरचा इन्स्टंट घ्या. पैसे वाचतील आणि अडणार काहीच नाही. स्वयंपाकघरासाठी कुठल्याही गावात इन्स्टंटच घ्या.

पुणे, नाशिक, सातारा, छत्रपती संभाजीनगर, नागपूर अशा गार हिवाळ्याच्या गावात तीन-चार माणसांचं कुटुंब असेल, तर टाकीचाच घ्या. बादलीला १५ लिटर, शॉवरला किंवा एकापाठोपाठच्या अंघोळींना २५. कमी व्होल्टेज आणि वीज जाण्याची सवय असलेल्या खेड्यातही टाकीचाच. चार किंवा पाच तारे बघा, ८ बारचा दाब बघा आणि टाकीच्या गॅरंटीची वर्षं मोजा.

गच्ची हक्काची असेल तर सौर बंब सगळ्यांत उत्तम. पहिला खर्च जास्त येतो, पण पुढे आठ-नऊ महिने पाणी जवळजवळ फुकट तापतं. पुणे महापालिका अशा घरांना मिळकतकरात सवलतही देते. पावसाळ्यापुरता सोबत छोटा विजेचा गिझर ठेवावा लागतो, एवढंच.

आणि आज घरात गॅस गिझर न्हाणीघराच्या आत लटकत असेल, तर नव्या गिझरची चौकशी नंतर करा. आधी प्लंबरला बोलावून तो बाहेर हलवा, किंवा काढून टाका. हे काम पुढच्या थंडीवर ढकलू नका.